रेग्युलेटर चिपच्या पाठीवरचा पत्रा फक्त गार व्हायला नसतो, त्याच्यात करंट पण असतो

मे महिन्यातली गोष्ट. माझा मामेभाऊ नांदेडला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्ट काय, तर मोबाईलवरून शेतातली मोटार चालू-बंद करायची.

असले मोबाईल स्टार्टर बाजारात तयार मिळतात, हे खरंय. पण मामाचं शेत औसा तालुक्यात. तिथं थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. अंधार, चिखल, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती मामाच्या फिडरपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल, तोवर पोरानं ठरवलं की आपणच काहीतरी करू. त्यामुळं हा प्रोजेक्ट फक्त मार्कांसाठी नव्हता.

प्रोजेक्ट सबमिट करायला तीन दिवस राहिले आणि सर्किट बंद पडलं.

धूर नाही, जळका वास नाही. कंट्रोलर चालू, रिले टकटक वाजतोय, पण ज्याच्यात सिमकार्ड टाकायचं ते जीएसएम मॉड्यूल काही केल्या जागं होईना. त्याला करंट देणारी चिप मात्र एवढी गरम, की बोट ठेवलं की चटका. भावानं मॉड्यूल बदललं, नवीन आणलं. तेही बंद. चिप बदलली, तरी तेच.

शेवटी सगळं डब्यात भरून तो लातूरला आला आणि आम्ही दोघं एका जुन्या रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या काकांनी डबा उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मल्टिमीटर हातात घ्यायच्या आधीच विचारलं,

"ह्या दोघायला एकाच पट्टीवर कशाला बसवलास रे लेका?"

भावानं एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन चिपा शेजारी-शेजारी स्क्रूने आवळल्या होत्या. एक ७८०५ आणि दुसरी एलएम३१७. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. तीन पाय, काळं अंग, पाठीला भोक असलेला धातूचा पत्रा. दोन्ही गरम होतात, मग दोघींना एकच हीटसिंक देऊ, पैसे आणि जागा दोन्ही वाचेल, हा त्याचा हिशोब. (दुकानात या हीटसिंकला सर्रास 'हिटसिंग' म्हणतात. तिथं जाऊन हीटसिंक म्हणालात तर कॉलेजचं पोरगं आलंय हे लगेच ओळखतात.)

हिशोब चुकला कुठे, ते समजायला या पाठीवरच्या पत्र्याची भानगड समजून घ्यावी लागते. मी मास कॉमचा विद्यार्थी, माझा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध मोबाईल चार्ज करण्यापुरता. पण त्या दिवशी दुकानात जे ऐकलं आणि नंतर शोधून वाचलं, ते इतकं साधं आहे की बारावीला हे कुणी का सांगितलं नाही असं वाटलं. लातूर पॅटर्नात ट्रान्झिस्टरवर मार्क मिळतात, पण त्याच्या पाठीवरचा पत्रा कशाला जोडलेला आहे, हे कुणी विचारत नाही.

आधी हे रेग्युलेटर काय करतं?

तुमच्याकडे १२ व्होल्टची बॅटरी आहे आणि चिपला हवेत ५ व्होल्ट. मधले ७ व्होल्ट कुठेतरी घालवायला लागतात. ७८०५ सारखी चिप हे काम करते. नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे ती किती व्होल्ट देणार. ७८०५ म्हणजे पाच, ७८१२ म्हणजे बारा.

ही चिप जास्तीचे व्होल्ट साठवत नाही की परत बॅटरीला देत नाही. ती सरळ उष्णता करून फेकते. ७ व्होल्ट जास्तीचे आणि अर्धा अँपिअर करंट म्हणजे साडेतीन वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही उष्णता निघते नखापेक्षा लहान सिलिकॉनच्या तुकड्यातून.

या आकाराची चिप हीटसिंकशिवाय मोकळ्या हवेत ठेवली तर दर वॅटमागे तिचं आतलं तापमान साधारण ६५ अंशांनी वाढतं. म्हणजे साडेतीन वॅटला सव्वादोनशे अंशांच्या वर. अर्थात ती तिथवर पोहोचत नाही, दीडशेच्या आसपास स्वतःच बंद पडते. बऱ्यापैकी हीटसिंक लावला की हाच आकडा दर वॅटला सोळा अंशांपर्यंत खाली येतो. मग वाढ होते फक्त ५६ अंशांची.

आता यात आपलं ऊन मिळवा. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जाणं ही काही बातमी नाही. त्यात हा डबा बसणार शेतात, लोखंडी स्टार्टरच्या पेटीत, उन्हात. पेटीच्या आत ६० अंश धरले तर चिपच्या आत होतात ११६. या चिपची कंपनीने सांगितलेली मर्यादा असते १२५. म्हणजे बंगळुरूच्या एसी लॅबमध्ये जे सर्किट आरामात चालतं, ते औशाच्या शेतात काठावर पास होतं. आपल्याकडे हीटसिंक ही सजावट नाही. तो लावावाच लागतो. आणि लावायचा म्हणजे तो त्या पाठीवरच्या पत्र्याला लावायचा.

इथूनच घोळ सुरू होतो.

पत्रा चिपला चिकटलेला नाही, चिप पत्र्याला चिकटलेली आहे

आपल्याला वाटतं की काळ्या प्लॅस्टिकच्या आत चिप आहे आणि बाहेर गार करायला म्हणून एक पत्रा वेगळा जोडलाय, बाईकच्या सायलेन्सरवर गार्ड असतो तसा. प्रत्यक्षात उलटं आहे. कारखान्यात आधी तो पत्रा घेतात, त्याच्यावर सिलिकॉनचा तुकडा डिंकासारखा चिकटवतात आणि मग वरून प्लॅस्टिक ओततात.

चिकटवायला वापरतात सोल्डर, नाहीतर चांदीचे कण मिसळलेला डिंक. का? कारण उष्णता पटकन पत्र्यात उतरली पाहिजे. पण जे उष्णता चांगली वाहून नेतं ते बहुतेक वेळा वीजही चांगली वाहून नेतं. तांबं, चांदी, सोल्डर, सगळ्यांचं तेच. त्यामुळे सिलिकॉनची पाठ आणि तो पत्रा हे विजेच्या दृष्टीने एकच होऊन बसतात. शिवाय मधला पायही सहसा त्याच पत्र्याच्या तुकड्यातून कापलेला असतो. तुम्ही ज्याला हीटसिंक लावायची जागा समजता, तो खरं तर चौथा पाय आहे.

मग प्रश्न येतो, सिलिकॉनच्या पाठीला वीज का असावी?

याला शेताचं उदाहरण देतो. एका सिलिकॉनच्या तुकड्यावर डझनावारी ट्रान्झिस्टर असतात. एकाच रानात अनेक वाफे असतात तसे. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये बांध असतात. सिलिकॉनमध्ये हे बांध मातीचे नसतात, विजेच्या दाबाचे असतात, आणि ते टिकतात एका अटीवर. सगळ्या वाफ्यांच्या खालून जो ओढा वाहतो त्याची पातळी सगळ्यात खाली राहिली पाहिजे. ओढ्याला पूर आला आणि पाणी वाफ्यांच्या वर चढलं की बांध असून नसल्यासारखे. सगळ्या वाफ्यांत पाणी.

हा ओढा म्हणजे सिलिकॉनची पाठ. त्यामुळे चिप बनवणारा इंजिनिअर ही पाठ मुद्दाम सर्किटमधल्या खालच्या व्होल्टेजला बांधून टाकतो. ७८०५ मध्ये सगळ्यात खालचं व्होल्टेज म्हणजे ग्राउंड. म्हणून ७८०५ चा पत्रा ग्राउंडला. सोपं आहे.

आणि ७८०५ ही आपल्याकडे प्रत्येक पोराच्या हातात येणारी पहिली चिप. तिच्यावरून सगळ्यांच्या डोक्यात बसतं की पत्रा म्हणजे ग्राउंड. माझ्या भावाच्याही तेच बसलं होतं.

एलएम३१७ ला ग्राउंडच नाही

एलएम३१७ ही चिप बॉब डॉबकिन यांनी नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये असताना १९७६ च्या सुमारास बनवली. तिची गंमत अशी की तिच्या तीन पायांत ग्राउंड नावाचा पायच नाही. इनपुट, आऊटपुट आणि ॲडजस्ट. ॲडजस्टला दोन रेझिस्टर लावून तुम्हाला हवं ते व्होल्टेज ठरवायचं, सव्वा व्होल्टपासून ३७ व्होल्टपर्यंत. त्या ॲडजस्ट पायातून जेमतेम ५० मायक्रोअँपिअर करंट जातो. आतल्या सर्किटचा बाकी सगळा करंट आऊटपुटमधूनच बाहेर पडतो. म्हणजे हिचा ओढा आऊटपुटला. आणि म्हणून हिचा पत्रा पण आऊटपुटला.

जीएसएम मॉड्यूलला लागतात साधारण चार व्होल्ट. ना बॅटरीचे बारा चालत, ना ७८०५ चे पाच. म्हणून भावानं एलएम३१७ चार व्होल्टला सेट केली होती. म्हणजे तिच्या पाठीवर चार व्होल्ट. शेजारच्या ७८०५ च्या पाठीवर शून्य. आणि दोघींच्या पाठी एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीला आवळलेल्या.

त्यानं आऊटपुट आणि ग्राउंड एकमेकांना वेल्डिंग केल्यासारखे जोडून टाकले होते. मॉड्यूलला चार व्होल्ट जाणार कुठून? ते पट्टीतूनच ग्राउंडला जात होते. बोर्डावर एकही वायर चुकलेली नव्हती. चूक त्या पट्टीत होती, आणि सर्किटच्या आकृतीत पट्टी काढतच नाहीत. म्हणून दोन दिवस सापडली नाही.

काकांनी नंतर मल्टिमीटर लावून दाखवलं. एक टोक पट्टीला, दुसरं ७८०५ च्या मधल्या पायाला, बीप. मग तेच टोक ३१७ च्या मधल्या पायाला, परत बीप.

एलएम३१७ जळली का नाही, हा भावाचा पुढचा प्रश्न. तर या चिपेत करंटला आतूनच लगाम असतो. आऊटपुट शॉर्ट झालं तर ती साधारण दीड-दोन अँपिअरच्या पुढे करंट जाऊ देत नाही. बारा व्होल्ट गुणिले दीड-दोन अँपिअर म्हणजे १८ ते २४ वॅट. तेवढ्या उष्णतेने ती थोड्या वेळात तापून स्वतःला बंद करते, जरा गार झाली की परत चालू, परत बंद. बोटाला चटके बसत होते ते त्याचेच.

पण दर वेळी नशीब एवढं चांगलं नसतं.

भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरची गोष्ट वेगळी

काकांच्या दुकानात सगळ्यात जास्त काय येतं, तर ॲम्प्लिफायर आणि मिक्सर. गणपतीच्या आधी, जयंतीच्या आधी, लग्नसराईत रांग लागते. या यंत्रांच्या आतल्या प्रीॲम्पला बऱ्याचदा दुहेरी सप्लाय लागतो, म्हणजे प्लस बारा आणि मायनस बारा. प्लससाठी ७८१२, मायनससाठी ७९१२.

७८१२ चा पत्रा ग्राउंड, हे आपण पाहिलं. ७९१२ ही मायनसवर चालणारी चिप. तिच्यात ग्राउंड हे सगळ्यात वरचं टोक आणि इनपुट सगळ्यात खालचं, मायनस सतरा-अठरा वगैरे. ओढा सगळ्यात खाली पाहिजे, या नियमाने तिचा पत्रा इनपुटला. नावात फक्त आठच्या जागी नऊ, आणि पाठीवरची गोष्ट पूर्ण बदलली.

आता या दोघींना एकाच हीटसिंकवर काही न घालता आवळलं, किंवा एकट्या ७९१२ ला ॲम्प्लिफायरच्या बॉडीला आवळलं, तर काय होईल? शॉर्ट होतो इनपुटचा. चिपच्या आतला लगाम इथं कामाचाच नाही, कारण करंट चिपच्या आतून जातच नाही. फिल्टरच्या मोठ्या कपॅसिटरमधून निघून पत्र्यातून थेट ग्राउंडला. मग फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार बांधलेली असेल (आणि आपल्याकडे ती असतेच) तर ब्रिज रेक्टिफायर जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर.

सगळ्यात फसवी मला वाटली ती टीडीए२०३०. ही रेग्युलेटर नाही, ॲम्प्लिफायरची चिप आहे, पण पत्र्याचं गणित तेच. तिचा पत्रा मायनस सप्लायच्या पायाला जोडलेला. एकाच बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटमध्ये तो पाय ग्राउंडला असतो, म्हणून पत्रा पण ग्राउंड, बॉडीला लावा नाहीतर कशालाही. तीच चिप दुहेरी सप्लायच्या सर्किटमध्ये बसवली की तोच पत्रा मायनस चौदा व्होल्टवर. एका सर्किटवरून शिकलेली सवय दुसरीकडे चालत नाही, ती अशी.

ज्यांच्या घरी लोडशेडिंगच्या काळातला जुना इन्व्हर्टर आहे त्यांनी कधी तो उघडलेला पाहिला असेल तर आठवेल. आत ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, मध्ये मुद्दाम ठेवलेली फट, आणि प्रत्येकावर ओळीने लावलेले मॉस्फेट. मला वाटायचं जागेसाठी असेल. मॉस्फेटच्या पाठीवरचा पत्रा म्हणजे त्याचा ड्रेन, मोठा करंट जातो तोच मार्ग. एका बाजूच्या सगळ्या मॉस्फेटचे ड्रेन एकच, म्हणून ते एका ठोकळ्यावर निवांत बसतात. दुसऱ्या बाजूचे दुसऱ्यावर. त्या फटीत एखादा स्क्रू पडला तर काय होईल हे आता सांगायला नको.

मग बसवायचं कसं?

काकांनी खणातून एक छोटी डबी काढली. आत पातळ, काचेसारखे चमकणारे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या. "मायका आणि बुश," ते म्हणाले.

मायका म्हणजे आपलं अभ्रक. तेच, ज्याचं आयुर्वेदात भस्म करतात. झारखंडमधलं कोडरमा त्याच्यासाठी जगभर प्रसिद्ध होतं. अभ्रकाचा गुण असा की ते वीज अडवतं, उष्णतेला टिकतं, आणि त्याचे पापुद्रे कागदापेक्षा पातळ निघतात. इतक्या पातळ पापुद्र्यातून उष्णता निघून जाते. पत्रा आणि हीटसिंकच्या मध्ये हा तुकडा घालायचा, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावायची.

यात तोटा किती? मायका घातल्याने दर वॅटला साधारण एक अंश जास्त. आपल्या साडेतीन वॅटच्या चिपला तीन-चार अंश. ११६ चे १२० होतील. अजून मर्यादेच्या आत.

इथं तीन गोष्टींत लोक फसतात. पहिली म्हणजे पेस्ट. पांढरी पेस्ट लावली म्हणजे इन्सुलेशन झालं, असं बरेच जण समजतात. पेस्ट मधल्या बारीक खाचा भरते, पण स्क्रू आवळला की धातू धातूला टेकतोच. दुसरी म्हणजे काळा रंग. काळ्या हीटसिंकवरचा थर वीज थोडीफार अडवतो, पण एक ओरखडा आला की संपलं. तिसरी सगळ्यात जास्त होते. मायका बरोबर घालतात आणि बुश विसरतात. मग स्क्रू पत्र्याच्या भोकातून जातो, त्याला घासतो, आणि पलीकडे हीटसिंकमध्ये आवळला जातो. मायका आत व्यवस्थित, आणि करंट स्क्रूमधून निवांत पलीकडे. बुश म्हणजे ती प्लॅस्टिकची टोपी, स्क्रू आणि पत्रा यांना वेगळं ठेवणारी.

बसवून झाल्यावर सप्लाय बंद ठेवून हीटसिंक आणि पत्रा यांच्यात मल्टिमीटर लावायचा. बीप आला तर परत उघडायचं.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण प्लॅस्टिकने मढवलेली चिप घ्यायची. तिला दुकानात फुल पॅक म्हणतात. तिची पाठ पण काळी, त्यामुळे मायका-बुशची कटकट नाही. सहसा उष्णता निघायला ती थोडी मागे असते, आणि गावाकडच्या दुकानात मिळेलच असं नाही.

आणि तिसरा मार्ग, जो भावानं आधी वापरायला हवा होता. दोन चिपांना दोन वेगळ्या पट्ट्या. पट्ट्या एकमेकींना आणि डब्याला टेकू द्यायच्या नाहीत. मग मायका पण नको. फक्त लक्षात ठेवायचं की त्यातली एक पट्टी जिवंत आहे.

आता पत्रा चिपच्या पोटाखाली गेलाय

वरच्या सगळ्या जुन्या, ठसठशीत चिपा. आजकाल बोर्डावर येतात त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि त्यांचा पत्रा पाठीवर नाही, पोटाखाली असतो. त्याला थर्मल पॅड म्हणतात. (लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डमध्ये लावायला जी मऊ रबरासारखी पट्टी विकत मिळते, तिलाही थर्मल पॅडच म्हणतात. ती वेगळी. ती बहुतेक वीज वाहून नेत नाही. इथं बोलतोय ते चिपच्या स्वतःच्या धातूच्या पॅडबद्दल.)

या पॅडला हीटसिंक लावत नाहीत. बोर्डावरचं तांबंच त्याचा हीटसिंक. पॅड खालच्या तांब्याला सोल्डर करायचा, आणि तिथून बारीक भोकं पाडून उष्णता बोर्डाच्या दुसऱ्या बाजूच्या तांब्यात उतरवायची. आता ते तांबं ग्राउंडचं असावं की आणखी कशाचं, हे परत चिपवर ठरतं.

इंजिनिअरिंगच्या पोरांचा आवडता वायफायचा बोर्ड म्हणजे नोडएमसीयू. त्याच्यावर व्होल्टेज ३.३ ला आणणारी एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा एएमएस१११७. तिच्या एका बाजूला एक रुंद पाय असतो. तो ग्राउंड नाही, आऊटपुट आहे. एलएम३१७ सारखंच. आणि त्याच बोर्डावर जी मुख्य वायफायची चिप आहे, ईएसपी८२६६, तिच्या चारी बाजूंना मिळून ३२ पाय आहेत आणि त्यातला एकही ग्राउंड नाही. तिचा ग्राउंड म्हणजे पोटाखालचा पॅड, तेवढाच. तो सोल्डर झाला नाही तर चिप गरम होणार वगैरे नंतरची गोष्ट, ती चालूच होणार नाही.

स्विचिंग रेग्युलेटरमध्ये तर आणखी एक प्रकार. शेतातल्या सोलर दिव्यापासून बॅटरीच्या जुगाडापर्यंत सगळीकडे दोन स्वस्त मॉड्यूल दिसतात. एकात एलएम२५९६ असते, तिचा पत्रा ग्राउंडला. दुसऱ्यात एक्सएल४०१५ असते, तिचा पत्रा स्विचच्या पायाला, जिथं व्होल्टेज सेकंदाला एक लाख ऐंशी हजार वेळा वर-खाली होतं. तिथं मोठा हीटसिंक चिकटवला तर शॉर्ट नाही झाला तरी तो ॲल्युमिनियमचा तुकडा अँटेनासारखा वागतो आणि शेजारचा रेडिओ खरखरतो. बाहेरून बघून या दोन्हीत फरक कळणं अवघड आहे.

म्हणून कळायचा खात्रीचा मार्ग एकच. चिपच्या नंबरची डेटाशीट उघडायची आणि 'टॅब' किंवा 'एक्सपोज्ड पॅड' हा शब्द शोधायचा. फुकट मिळते, मोबाईलवर उघडते. मल्टिमीटरने बघता येतं, पण त्यात एक गोम आहे. बीप वाजला आणि आकडा शून्याच्या जवळ आला तर पत्रा त्या पायाला जोडलेला आहे हे नक्की. बीप नाही वाजला तर तो मोकळा आहे असं मात्र नाही. काही चिपांमध्ये पॅड कुठल्याच पायाला तारेने जोडलेला नसतो, पण सिलिकॉनच्या पाठीला चिकटलेला असतो. मीटर गप्प बसतो, आणि डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की हा ग्राउंडलाच जोडा. तो भलत्या ठिकाणी जोडला तर ओढ्याला पूर.

आणि एक गोष्ट, जी काकांनी आवाज बदलून सांगितली

आतापर्यंत सगळं पाच, बारा, अठरा व्होल्टचं. चुकलं तर चिप जाते, माणूस जात नाही. पण हाच पत्रा मोबाईल चार्जरच्या, टीव्हीच्या, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसच्या आत पण असतो. तिथं घरातली २३० व्होल्टची लाईट आधी सरळ डीसी होते आणि होते साधारण ३२५ व्होल्ट. ती चालू-बंद करणाऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरचा किंवा मॉस्फेटचा पत्रा म्हणजे कलेक्टर किंवा ड्रेन. म्हणजे सव्वातीनशे व्होल्ट आणि त्याच्याही वर.

मायका घातलेला असेल तर हीटसिंक सुरक्षित, असं समजू नका. काही एसएमपीएसमध्ये हीटसिंक स्वतःच त्या बाजूच्या सर्किटला जोडलेला असतो. तो चकचकीत ॲल्युमिनियमचा तुकडा बघून हात टेकवायचा मोह होतो, गरम झालाय का बघायला. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. त्याच्यावर ४०० व्होल्ट लिहिलेलं दिसलं की हात खिशात. काकांकडे असले सेट सिरीज बल्ब लावूनच चालू करतात, एक हात मागे ठेवून. यूट्यूबवर बघून चार्जर उघडणाऱ्यांना हे सांगाच, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

भावाच्या पट्टीचं काम पंधरा मिनिटांत झालं. एलएम३१७ खाली मायका, स्क्रूला बुश, ७८०५ तशीच थेट पट्टीवर, कारण पट्टी ग्राउंड झाली तर काही बिघडत नाही. मल्टिमीटर गप्प. सप्लाय दिला आणि जीएसएम मॉड्यूलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. काकांनी मायका-बुशचे पैसे घेतले नाहीत, चहाचे आम्हालाच द्यायला लावले.

आधी काढून ठेवलेली एलएम३१७ पण फेकली नव्हती. काकांनी तीही तपासली, ठणठणीत होती. दोन दिवस चटके खाऊन. ती आता स्टार्टरच्या पेटीत सुटी पडून आहे, स्पेअर म्हणून. पेटीच्या झाकणाच्या आतून भावानं मार्करने लिहून ठेवलंय, कुठल्या चिपची पाठ कशाला. मामा अजून रात्री एकदा विहिरीवर चक्कर मारतातच, मोटार खरंच चालू झाली का बघायला. मेसेजवर त्यांचा विश्वास नाही.